कोजागिरीचा ताज, आणि रांगेत कोण उभं राहणार?

आम्ही गेलो तेव्हा रात्रीच्या ताजमहालाचं तिकीट आग्र्यातच मिळत होतं, तेही आदल्या दिवशी, खिडकीवर. हे एक वाक्य ऑगस्टमध्ये मला कुणी सांगितलं असतं, तर माझे पुढचे दोन महिने वाचले असते. दिल्लीहून निघणारी एका रात्रीची सहल आग्र्यात पोचते ती त्याच दिवशी. म्हणजे आदल्या दिवशी तुमच्या वतीने आग्र्यात कुणीतरी हजर असायला हवं. तो कोण, हे पैसे भरायच्या आधी विचारा. मी भरल्यानंतर विचारलं.

आई-बाबा १९८७ च्या मे महिन्यात ताज बघून आले होते. भर दुपारी. संगमरवर डोळ्यांवर येत होता, पाय भाजत होते. बाबांनी तेव्हाच म्हटलं होतं की हा एकदा चांदण्यात बघायला हवा. पण सुरक्षेसाठी १९८४ पासून रात्रीचं दर्शन बंदच होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते पुन्हा सुरू झालं २००४ च्या नोव्हेंबरात, आणि तोवर बाबा राहिले नव्हते. आईने त्यानंतर कधी हट्ट धरला नाही. मात्र दर कोजागिरीला दूध आटवताना एकदा तरी विषय निघायचाच. ती आता शहात्तर वर्षांची आहे. यंदा मी ठरवलं की न्यायचंच.

घराजवळच्या एका सहल कंपनीच्या ऑफिसात मला हवी तशी सहल मिळाली. पुण्याहून विमानाने दिल्ली, तिथून बसने यमुना एक्सप्रेसवेवरून आग्रा, किल्ला, ताज, एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी फतेहपूर सिक्री आणि परत दिल्ली. सोबत गाईड. छापील कार्यक्रमात स्पष्ट लिहिलं होतं, ‘रात्री कोजागिरीचा ताज, तिकीट समाविष्ट’. त्या एका ओळीसाठी मी चौघांचे पैसे भरले. आई, मावशी, माझा नवरा आणि मी.

त्यानंतर मी नियम वाचले. पौर्णिमा, तिच्या आधीच्या दोन रात्री आणि नंतरच्या दोन, अशा महिन्यातल्या फक्त पाच रात्री ताज उघडतात. त्यातही शुक्रवार आला तर बंद, आणि रमजानमध्ये बंद. रात्री साडेआठ ते साडेबारा, अर्ध्या अर्ध्या तासाच्या आठ तुकड्या, एका तुकडीत पन्नास माणसं. म्हणजे अख्ख्या रात्रीत चारशेच. आम्ही गेलो तेव्हा तिकीट मिळत होतं ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या आग्र्यातल्या मॉल रोडवरच्या कार्यालयात, आदल्या दिवशी, प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या प्रती देऊन. भारतीयांसाठी माणशी ५१० रुपये. हे वाचल्यावर सहल कंपनीत फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, ते सगळं तिकडचा माणूस बघतो.”

तिकडचा माणूस हा शब्द मी पुढच्या सात आठवड्यांत किती वेळा ऐकला! आधारकार्डाच्या प्रती दिल्या तर त्या तिकडच्या माणसाला जाणार होत्या. कोणत्या वेळेची तुकडी मिळेल, ते तिकडचा माणूस सांगणार होता. त्याचं नाव विचारलं तर नाव साहेबांकडे, आणि साहेब टूरवर. मी प्रती व्हॉट्सॲपवर पाठवल्या. आठवड्याने विचारलं तर मिळाल्याच नव्हत्या. पुन्हा पाठवल्या. गणपतीत निम्मे रस्ते बंद असताना रिक्षा करून, लांबचा वळसा घेऊन, छापील प्रती हातोहात देऊन आले. तिथल्या मुलाने त्या एका फायलीत ठेवल्या आणि म्हणाला, “होऊन जाईल काकू, दरवर्षी होतं.”

“दरवर्षी कोण करतं?” मी विचारलं. “आदल्या दिवशी सकाळी रांगेत कोण उभं राहतं?”

“ते तिकडून होतं.”

माझा प्रश्न अवघड नव्हता. मला कुणावर संशयही घ्यायचा नव्हता. एवढंच हवं होतं की एका माणसाने ‘मी उभा राहणार आहे’ असं म्हणावं. कार्यक्रमात ‘तिकीट समाविष्ट’ छापायचं आणि ते काढण्याचं काम कुणाच्याच नावावर लिहून ठेवायचं नाही, ही गोष्ट आठवली की मला आजही संताप येतो. कारण जे आमच्यासारखे म्हाताऱ्या माणसांना घेऊन एकदाच जातात, त्यांना पुन्हा जाऊ म्हणता येत नाही.

घटस्थापना झाली तरी काही पत्ता नव्हता. शेवटी कोजागिरीला नऊ दिवस उरले असताना मी ऑफिसात जाऊन बसले आणि सांगितलं की तिकडच्या माणसाचा नंबर मिळेपर्यंत मी उठणार नाही. चाळीस मिनिटं बसले. नंबर मिळाला. तिथूनच, त्यांच्यासमोर फोन लावला. तो गृहस्थ सभ्यपणे बोलला. म्हणाला, “मैडम, मेरे पास तो कोई काग़ज़ नहीं आया. मैं तो होटल और बस देखता हूँ.”

समोर बसलेल्या मुलाचा चेहरा उतरला. त्याच्यावर ओरडून काय मिळणार होतं? आमच्या प्रती त्या फायलीतच होत्या, मी स्वतः बघितल्या. आता पाठवतो म्हणाला, पण आग्र्यात रांगेला उभा राहील असा माणूस त्यांच्याकडे नव्हताच. मी प्रती परत मागून घेतल्या आणि घरी आले. रात्री नवऱ्याला म्हटलं, आईला आणि मावशीला तू विमानाने आण, मी पुढे जाते.

झेलम एक्सप्रेसचं तत्काळमध्ये एसी थ्री टायर मिळालं. संध्याकाळी पुणं सोडलं, दुसऱ्या दिवशी आग्रा कॅन्टोन्मेंट. त्याच्या पुढच्या सकाळी, म्हणजे कोजागिरीच्या आदल्या दिवशी, नऊ वाजता मी मॉल रोडवर होते. माझ्यापुढे वीस-पंचवीस माणसं. बरीचशी हॉटेलांची किंवा टूरवाल्यांची पोरं, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत ओळखपत्रांचे गठ्ठे. त्यांना बघूनच कळलं की हे काम असंच होतं, आणि ज्यांना करायचं असतं ते करतात. दहाला खिडकी उघडली, अर्ज भरला, चौघांच्या प्रती दिल्या, २०४० रुपये भरले, तिकिटं हातात. सगळं मिळून पाऊण तास. खिडकीवरच्या माणसाने एकही जादा प्रश्न विचारला नाही. दोन महिने ज्यासाठी झुरले ते एवढंसं होतं! फुटपाथवर उभी राहून मी आईला फोन केला आणि मला बोलताच येईना.

तुकडी कोणती घ्यावी, हे इथेच सांगते, कारण ते मला नंतर समजलं. ताजचं तोंड दक्षिणेला आहे आणि आपण त्याच्या दक्षिणेला उभे असतो. पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या पाठीशी, दक्षिणेला येतो. तेव्हा समोरची भिंत पूर्ण उजळते. साडेआठ-नऊला तो अजून पूर्वेकडे असतो, उजेड एका बाजूनेच पडतो. म्हातारी माणसं सोबत म्हणून मी दहा ते साडेदहाची घेतली. जागरण झेपणार असेल तर शेवटच्या दोन तुकड्यांपैकी एक मागा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस आली, मी हॉटेलवर त्यांना भेटले. दिवसाच्या ताजबद्दल फार लिहीत नाही. त्याची तिकिटं ऑनलाइन निघतात, पन्नास रुपये प्रवेश आणि मुख्य कबरीपाशी जायचं तर आणखी दोनशे. हे दोनशे आधीच भरा, वर चढायच्या जागी ऐनवेळी धावपळ नको. खाण्याचं काही नेऊ नका, तपासणीत काढून ठेवावं लागतं.

किल्ल्याबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. अमरसिंह दरवाजासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. बसमधले आम्ही सगळेच तिथे थांबलो. गाईड आत शहाजहानची गोष्ट सांगत होता, मुलाने त्याला इथेच कैदेत ठेवलं, मुसम्मन बुर्जातून तो ताज बघत राहिला, १६६६ च्या जानेवारीत तिथेच वारला. मावशी शाळेत इतिहास शिकवायची. तिने त्याला थांबवून विचारलं, “आणि मे महिन्यात?” त्याला कळलं नाही. मग तिनेच सांगितलं की त्याच १६६६ च्या १२ मे ला शिवाजी महाराज शंभूराजांना घेऊन या किल्ल्यात दरबारात आले, अपमान झाल्यावर भर दरबारात संतापले, नजरकैदेत पडले आणि ऑगस्टमध्ये निसटले. चार महिन्यांच्या अंतराने, एकाच किल्ल्यात. गाईड लक्ष देऊन ऐकत होता. पुढच्या मराठी ग्रुपला सांगीन म्हणाला. महादजी शिंद्यांच्या काळात हा किल्ला मराठ्यांकडे होता आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, हेही मावशीने जाता जाता सांगितलं. गाईड चांगला असला तरी आपल्या माणसांचं आपण वाचून जावं.

रात्री साडेनऊच्या आधीच शिल्पग्रामला पोचलो. आपल्या वेळेच्या अर्धा तास आधी हजर राहायचं असतं. तिथे तपासणी होते, मग बॅटरीच्या बसने पूर्व दरवाजाकडे नेतात. मोबाईल आत नेता येत नाही, ते हॉटेलवरच ठेवून निघालो होतो. मी आटवलेलं दूध थर्मासमध्ये घेतलं होतं, तेही बसमध्येच राहिलं. आईची काठी तपासून परत दिली. सगळे जवान तिच्याशी फार नीट वागले.

रात्री बागेत उतरता येत नाही. मोठ्या दरवाजापाशी लाल दगडाचा चौथरा आहे, तिथूनच बघायचं. ताज तिथून तीनेकशे मीटर लांब. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच नीट दिसलं नाही. धुरकट पांढरं काहीतरी, मागे आकाश. आजूबाजूला लोक कुजबुजायला लागले की हेच का. मलाही धस्स झालं, एवढं करून आईला हे दाखवायचं? पण दिव्यांच्या उजेडातून आलेले डोळे निवळायला वेळ लागतो. तो द्या. हळूहळू आधी घुमट आला, मग चारही मिनार, मग कमानीतली सावली. दुपारच्या उन्हात जो दगड डोळे मिटायला लावतो, त्यावर आता मऊ, निळसर उजेड होता. मध्येच भिंतीवर कुठेतरी बारीक काही चमकायचं आणि आपण मान हलवली की विझायचं, जडवलेल्या दगडांवर चंद्र पडतो तेव्हा तसं होतं.

आई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. अर्ध्या तासात एकदाच बोलली. “ह्यांचं बरोबर होतं,” म्हणाली.

परत आल्यावर हॉटेलच्या गच्चीवर दूध प्यायलो. कोमट झालं होतं. चंद्र डोक्यावर आला होता.

फतेहपूर सिक्रीला दुसऱ्या दिवशी गेलो. अकबराने १५७१ पासून वसवलेली आणि पंधराएक वर्षांत सोडून दिलेली राजधानी. बुलंद दरवाजाच्या पायऱ्या उंच आहेत. आई आणि मावशी खाली बसून राहिल्या. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी राजवाड्याच्या बाजूने आत जावं, तिकडे चढ कमी आहे. पार्किंगमध्येच ‘मी सरकारी गाईड’ म्हणत लोक येतात, ओळखपत्र बघितल्याशिवाय कुणाला हो म्हणू नका. शुक्रवारी दिवसाचाही ताज पर्यटकांना बंद असतो, हे वर लिहायचं राहिलं. तुमच्या कार्यक्रमात आग्र्याचा दिवस शुक्रवार नाही ना, हे कॅलेंडर उघडून बघा, सहल कंपनीने बघितलंच असेल असं धरू नका.

पुण्याला आल्यावर २०४० रुपये परत मागायला गेले. पॅकेजमध्ये असा वेगळा हिशेब नसतो, म्हणाले. मी त्यांचाच छापील कागद आणि माझी चार तिकिटं टेबलावर ठेवली. झेलमचं भाडं मी मागितलं नाही, मागायला हवं होतं असं आता वाटतं. तीन फेऱ्यांनंतर पैसे खात्यात आले. शेवटच्या फेरीला तोच मुलगा होता, प्रती फायलीत ठेवणारा. पुढच्या कोजागिरीची दोन कुटुंबं आलीत म्हणाला, आणि मॉल रोडचा पत्ता, खिडकीची वेळ आणि काय काय कागद लागतात ते मला विचारून एका वहीत लिहून घेतलं. वर मी त्याला एक रकाना जास्तीचा आखायला लावला, रांगेत उभं राहणाऱ्याच्या नावाचा.