कॅसेट क्रमांक ३७: तंबोरेवाल्याची मुलाखत आणि उतरलेले सेल

चौसष्टपैकी एकेचाळीस जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून झाल्या. मागच्या नोंदीत आकडा अठ्ठावीस होता. मधे पावसाळा गेला, डेक (कॅसेट वाजवायचं यंत्र) दोन आठवडे बंद होता, तरी तेरा कॅसेट झाल्या म्हणजे काम बरं चाललंय. पण या वेळी बहुतेक सगळं एकाच कॅसेटबद्दल लिहिणार आहे. ३७ नंबरच्या कॅसेटने मला जे शिकवलं ते आधीच्या छत्तीस कॅसेटनी शिकवलं नव्हतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. हा संग्रह माझ्या मामांचा, जयसिंगपूरचा. ते रेडिओवरच्या मुलाखती टेप करायचे. गायक, वादक, शाहीर, लेखक, मूर्तिकार, जो कोणी आपल्या आयुष्याबद्दल बोलायला बसेल त्याची मुलाखत. मुलाखतीच्या मधे गाणं लागलं की मामा पॉजचं बटण दाबायचे. "गाणं उद्या परत लागतंय, ही मुलाखत लागायची नाही," असं म्हणायचे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी उलटा प्रकार होता. बोलणं सुरू झालं की पॉज, गाणं सुरू झालं की रेकॉर्ड. म्हणून गाण्यांच्या कॅसेट पोत्याने सापडतात आणि बोलण्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आकाशवाणीच्या स्पूल टेप महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. तेव्हा प्रादेशिक केंद्रांवरच्या अशा कित्येक मुलाखतींची कोणाच्या तरी कपाटातली कॅसेट हीच एकमेव प्रत असू शकते, हे डोक्यात ठेवूनच मी प्रत्येक कॅसेट हातात घेते.

जुलैत डेकचा पट्टा गेला. आवाज लाटांसारखा वरखाली व्हायला लागला. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांमध्ये तीन दुकानं फिरल्यावर मापाचा पट्टा मिळाला. टेप पुढे ओढणारा रबरी पिंच रोलरही बदलून घेतला. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

ऑगस्टमध्ये मालवणच्या मावशीकडून सात कॅसेट आल्या. सातही कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती. अशी कॅसेट कधीही थेट डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, बसते, मग पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. मी त्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात तीन आठवडे ठेवल्या. कोरड्या झाल्यावर गच्चीत, तोंडाला मास्क लावून, पाचही स्क्रू काढून रिळं मऊ ब्रशने झाडली. चार वाचल्या. एकीत एक दशावतारी कलावंत आहेत, रत्नागिरी केंद्रावरचे. संकासुर राक्षसाचं काम करताना घाम किती येतो आणि रात्रभराच्या नाटकानंतर पहाटे पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट कशी धरायची, हे सांगतायत. रेकॉर्डिंग रात्रीचं असल्यामुळे मागे दुसरंच केंद्र वाजतंय. दिवसा मीडियम वेव्ह जमिनीलगत पोचते, रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली येते आणि शेकडो किलोमीटरवरचं केंद्रही घरात शिरतं. ते काढायचा प्रयत्न मी केलेला नाही. करणारही नाही, कारण सांगते.

आता ३७.

मेल्ट्रॅक कंपनीची सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. चिकटपट्टीवर मामांच्या अक्षरात एवढंच: "सांगली. तंबोरेवाले, मिरज." तारीख नाही, नाव नाही. सुरुवातीचं निवेदन गेलंय, कारण मामा रेडिओपाशी पोचेपर्यंत कार्यक्रम सुरू झालेला. १२५१ किलोहर्ट्झवरचं सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं आणि मिरज तर त्याच्या अंगणातच. सतार-तंबोऱ्यांचं हे गाव रेडिओच्या माइकसमोर यायचंच होतं. आधी हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली, फरीदसाहेब सतारमेकरांपासून तो वारसा चालत आला, पुढे अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या. या कॅसेटमधला माणूस त्याच्या कितीतरी आधी, कोणत्याही मानांकनाचा विचार न करता, आपल्या हातातल्या कानशीबद्दल बोलतोय.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तरुण मुलगा आहे. पंचविशीचा असेल. आणि बोलतोय मात्र चाळीस वर्षांच्या कामाबद्दल. काहीतरी चुकत होतं. मुलाखत घेणारे गृहस्थही शेवटी शेवटी घाईत असल्यासारखे वाटायला लागले. तेव्हा लक्षात आलं की बाजू जसजशी पुढे जाते तसतसा सगळाच आवाज चढत जातो.

मामींना फोन केला. "अगं, दिवे गेले की तुझे मामा सेलवर टेप करायचे. सेल पण कसले, दुपारी उन्हात वाळवून परत घातलेले!" सगळं कोडं तिथेच सुटलं. सेल उतरत गेले तशी मामांच्या टेपरेकॉर्डरची मोटर हळू झाली. टेप हळू सरकत असताना भरलेला आवाज माझ्या डेकवर नेमक्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरने, वाजवला की चढा आणि भराभर ऐकू येतो.

एरवी असा वेग दुरुस्त करायला मी विजेची गुणगुण पकडते. रेकॉर्डर विजेवर चाललेला असेल तर ५० हर्ट्झची बारीक घरघर टेपवर उतरलेली असते. ती ५१ ला दिसली तर टेप दोन टक्के जलद. अर्थात जुन्या काळात वीजच पन्नासवर स्थिर नसायची, संध्याकाळी भार वाढला की खाली यायची, तेव्हा या मापावर डोळे मिटून विसंबू नका. इथे तर रेकॉर्डर सेलवर. घरघरच नाही.

पण तंबोरा होता. मुलाखतीच्या सुरुवातीलाच तंबोरेवाले म्हणतात, हा काळी दोनचा (पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुराचा) तंबोरा आहे, आणि छेडतात. काळी दोन म्हणजे जोडीच्या, मधल्या दोन तारा साधारण १५५.६ हर्ट्झला हव्यात. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे आवाजातले स्वर वेगळे दाखवणाऱ्या आलेखात, मला १५८ मिळाले. दीड टक्का जास्त. शेवटी निरोप घेताना तोच तंबोरा परत छेडतात, तेव्हा तो १६५ वर, जवळजवळ पांढरी तीनला पोचलाय. सहा टक्के. नशिबाने मामांनी कार्यक्रम संपल्यावर लगेच बटण बंद केलं नाही, त्यामुळे बातम्यांआधीचे वेळेचे ठोके टेपवर आलेत. जिथे पाच सेकंद जायला हवेत तिथे ४.७२ सेकंद जातात. तेही सहा टक्केच. दोन वेगवेगळ्या मापांनी एकच उत्तर आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरले.

ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइम ट्रॅक (जागोजागी वेग बदलायची सोय) घेऊन वेग सुरुवातीला दीड टक्क्याने आणि शेवटाकडे हळूहळू सहा टक्क्यांपर्यंत कमी केला. मधल्या दोन ठिकाणी तंबोरा वाजतो, तिथे पुन्हा मोजून वळण नीट बसवलं. सेल काही सरळ रेषेत उतरत नाहीत, शेवटच्या दहा मिनिटांत एकदम बसतात. मग ऐकलं. पंचविशीचा मुलगा गेला आणि त्याच्या जागी साठीचा, शब्द तोलून बोलणारा, मधेच घसा साफ करणारा माणूस समोर येऊन बसला.

तरी तंबोरा मात्र मुका वाटत होता. वाजत होता, पण जवारी नव्हती, म्हणजे तार घोडीवर (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर) हलकी घासून उठणारा झंकार नव्हता. मीडियम वेव्हवरून साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं काही येतच नाही, म्हणून मी ते सोडून दिलं होतं. मग हिशेब केला. जोडीच्या तारेचे अठ्ठावीस उपस्वर (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) साडेचार किलोहर्ट्झच्या आत बसतात. जवारीला तेवढे पुरेत. म्हणजे ते टेपवर असायला हवेत, माझ्याच हेडला सापडत नाहीयेत.

हेडचा कोन. चार किलोहर्ट्झच्या स्वराची लांबी टेपवर साधारण बारा मायक्रॉन असते, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. मामांच्या रेकॉर्डरचं हेड अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं तिरकं असलं तरी माझ्या सरळ हेडवर वरचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. मी हेडच्या स्क्रूवर मूळ जागेची खूण नेलपॉलिशने केली (ही सवय लावूनच घ्या, नाहीतर पुढच्या कॅसेटला घर सापडत नाही), हेडफोन लावला, तंबोऱ्याचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत स्क्रू जरा जरा फिरवत गेले. डावीकडे आणखी बंद. उजवीकडे थोडा, आणखी थोडा, आणि एका जागी तंबोरा उघडला. खोलीचं दार उघडावं तसा. त्या जागेवरून केसभर पुढे गेलं की परत मिटतो. कान जवारीवर ठेवून हेड लावायची ही पद्धत मला कोणी सांगितली नव्हती, पण आता ज्या ज्या कॅसेटमध्ये कुठेही तंबोरा आहे तिथे मी हेच करणार आहे.

यानंतर जे ऐकू आलं त्यासाठी ही नोंद लिहायला घेतली.

मुलाखतीच्या साधारण मध्यावर ते भोपळ्यांबद्दल बोलतायत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे कसे यायचे, वाळवायचे कसे, टिचकी मारून कसा पारखायचा. मग प्रश्न येतो: "जवारी लागली, हे तुम्हाला कळतं कसं?" आणि पुढे एकोणीस सेकंद काहीच नाही. पहिल्या वेळी मला ती कोरी टेप वाटली होती. एखाद्या दुकानात ट्रान्सफरला दिली असती तर हे एकोणीस सेकंद कापूनच हातात पडले असते. दोन वर्षांपूर्वी एका दुकानाने माझ्या सहा कॅसेटचं तेच केलं. निवेदनं गेली, थांबे गेले, उरलं ते नुसतं बोलणं.

हेड लागल्यावर त्या एकोणीस सेकंदांत काय काय आहे ते कळलं. आधी लाकडावर काहीतरी ठेवल्याचा आवाज. मग कानस, घोडीवर, अगदी हलकी, तीन वेळा. फुंकर. तार छेडतात, ती अजून बंद. पुन्हा कानस, एकदाच. पुन्हा फुंकर. मग काही क्षण काहीच नाही, तेव्हा ते तारेखालचा दोरा, ज्याला ते जीव म्हणतात, सरकवत असणार. आणि मग तार उघडते. त्यानंतर ते फक्त म्हणतात, "हं, असं."

मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांचं मला फार कौतुक वाटतं. रेडिओवर शांततेचे एकोणीस सेकंद म्हणजे केवढी जोखीम. ऐकणारा केंद्र बदलून मोकळा होतो. तरी त्यांनी मधे शब्द घातला नाही, "आता ते आपल्याला दाखवतायत" असंही म्हटलं नाही. प्रादेशिक केंद्रांवर त्या काळी माणसंच तशी होती. पुण्याला ग्रामीण कार्यक्रमांत व्यंकटेश माडगूळकर, नागपूरला पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे स्वतः लिहिणारी, ऐकायचं कसं हे जाणणारी माणसं नोकरीत होती. या मुलाखतीतले कोण ते मला कळलेलं नाही, पण ते त्याच मुशीतले असणार असं माझं मत.

आता नॉइज रिडक्शनबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरने खरखर काढण्याबद्दल. माझ्या पहिल्या तीन कॅसेटवर मी ते सढळ हाताने वापरलं आणि मूळ फाइली पुसून टाकल्या. ही चूक मला अजून टोचते. हे सॉफ्टवेअर जे सतत चालू आहे त्याला गोंगाट समजतं. तंबोराही सतत चालू असतो. ३७ च्या एका प्रतीवर मुद्दाम करून पाहिलं: तंबोरा निम्मा गेला, कानशीचा आवाज तर पूर्ण गेला, कारण त्याची खरखर आणि मीडियम वेव्हची खरखर मशीनला सारखीच. त्या तीन कॅसेट मी पुन्हा पहिल्यापासून करणार आहे. म्हणून मालवणच्या कॅसेटमधलं मागचं केंद्रही तसंच राहणार.

आता प्रत्येक बाजूची कच्ची फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ. रेकॉर्डिंग मोनो असलं तरी दोन्ही चॅनेल ठेवा, हेडचा कोन चुकला असेल तर तो पुढे त्यावरूनच कळतो. पंचेचाळीस मिनिटांची बाजू साधारण ७७८ एमबी होते, फ्लॅक (आवाज न गमावता दाबलेली फाइल) केली की बरीच कमी. कच्ची फाइल दोन डिस्कवर, वेग दुरुस्त केलेली प्रत वेगळी, आणि सोबत एका साध्या मजकूर फाइलीत काय केलं त्याची नोंद: किती टक्के, कुठून कुठे, कशावरून. मामांच्या चिकटपट्टीचा फोटोही त्यात.

बाजू ब अजून झालेली नाही. सुरुवातीची चार मिनिटं टेप चुरगळलेली आहे, ती हाताने हळूहळू रिळावर घेऊन काही दिवस घट्ट ठेवल्याशिवाय लावणार नाही. पहिल्या बाजूवरचे ते एकोणीस सेकंद आणि आजूबाजूची तीन मिनिटं फोनमध्ये घेतली आहेत. दिवाळीला जयसिंगपूरला जाईन तेव्हा मामींना घेऊन मिरजेला सतारमेकर गल्लीत जायचं ठरलंय. आवाज कोणी ओळखला तर नाव मिळेल. हेडफोन दोन घ्यायचे आहेत, मामींना वेगळा.