कटरला लाइट कुठून घेता?

पावसाळा तोंडावर आला, की बांधावरच्या बाभळी अन् घरावर आलेल्या लिंबाच्या फांद्या उतरवायचं काम निघतं. मग सेलू-जिंतूरकडची ओळखीची माणसं हटकून विचारतात, "दादा, तुमचा लाइटवरचा कटर, लाकूड कापायची चेनची करवत, सात वर्षं चाललाय. आमचा दोनदा जळाला. तुम्ही असं काय करता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण आधी मला एक सांगा, तुम्ही लाइट कुठून घेता?

बहुतेकांचं उत्तर एकच असतं: विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीतून. तिथपर्यंत बऱ्याच शेतांत तीन फेजच, म्हणजे करंट आणणाऱ्या तारा, आलेले असतात; न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, नसतो. मग एक फेज पेटीतून घ्यायचा आणि न्यूट्रलच्या जागी जमिनीत सळई ठोकून तिला दुसरी तार गुंडाळायची. दोन फेजांवर तर मशीन लावताच येत नाही. तिथं 415 व्होल्ट असतात आणि आपली मशीन 230 ची. सळईवर ती चालते, म्हणून लोकांना वाटतं जमलं.

आमच्या चुलत्यांनीही असंच जमवलं होतं. कपाशीला आदल्या रात्री पाणी दिलेलं, जमीन ओलीच. बांधावर कटर चालू होता आणि सळईपासून चार हातांवर बैल बांधलेला. तो एकदम थरथरायला लागला, पुढचे गुडघे टेकले, मान ताणली. ओरडलासुद्धा नाही. मी पळत जाऊन पेटीचा खटका पाडला. बैल वाचला, पण पुढं कितीतरी दिवस तो त्या बांधाकडं वळायला तयार नव्हता.

सळईतून जमिनीत उतरलेला करंट तिच्याभोवती पसरतो. सळईजवळ व्होल्टेज जास्त, लांब जावं तसं कमी, म्हणून पायांत अंतर जास्त तर झटका मोठा. माणसाच्या दोन पावलांत अंतर थोडं, तेही बहुधा चपलेत. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर, खूर उघडे, आणि करंटची वाट छातीतून. शिवाय जमीन सुकत गेली की सळई करंट नीट घेत नाही, व्होल्टेज पडतं आणि मशीनही जळते. म्हणून हात जोडून सांगतो, सळईवर कटर लावू नका. बैल नसेल तर पोर असतं तिथं.

आता जळण्याचं दुसरं कारण, वायर. 2000 वॅटचा कटर साधारण 9 अँपिअर ओढतो. मोबाइलच्या चार्जरसाठी घेतलेला 6 अँपिअरचा बोर्ड त्याला पुरत नाही. प्लग-सॉकेट 16 अँपिअरचंच पाहिजे. 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर 50 मीटर लांब ओढली, तर 17 व्होल्ट वायरीतच जातात. अडीचच्या वायरीत जातात 7. गावात संध्याकाळी व्होल्टेज 190 वर आलेलं असतं, त्यातून आणखी 17 गेले की मोटार मंदावते. तिला गार ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर, तोही मंदावतो. चेन कापत नाही म्हणून आपण वरून जोर देतो, मोटार जास्त करंट ओढते आणि वाइंडिंगचा, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीचा, जळका वास यायला लागतो. दुकानात त्या मशीनला 'माल खराब' म्हणतात.

मी अडीचची रबरी वायर घेतली तेव्हा घरात बोलणी खाल्ली, कारण तिची किंमत चांगलीच होती. पण ती घ्याच. रिळावरची असेल तर पूर्ण उकलून टाका, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. मधे टेपचा जोड नको. घराच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडणारा खटका, बसवा, कारण चुकून चेन वायरीवर आली तर तोच वाचवतो. शेत लांब असलं तर मी कटर नेतच नाही. फांद्या हातकरवतीनं उतरवतो, ओंडके गाडीत घालून घरी आणतो आणि अंगणात कापतो.

चेनचं तर भुसाच सांगतो. धारेची चेन बाभळीतून टपोरे तुकडे उडवते. पिठासारखी बारीक भुकटी पडायला लागली, की थांबा आणि प्लग काढून कानस घ्या. माझ्या चेनला 4 मिलिमीटरची गोल कानस लागते, तुमच्या चेनची पुस्तिकेत बघा. एका बाजूचे सगळे दात 30 अंशांत, एकाच दिशेनं, मोजून तेवढेच घास, मग दुसरी बाजू. बोथट चेनवर जोर देणं म्हणजे परत वाइंडिंग तापवणंच.

चेनच्या तेलाच्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल टाकू नका. त्यातली धातूची कचकच पट्टीची, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते तिची, खाच खाते. सुरू करताना पांढऱ्या पोत्यासमोर टोक धरा, तेलाची रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर पट्टी काढून तेलाचं भोक काडीनं मोकळं करा, त्यात बाभळीचा डिंक-भुसा बसलेला असतो. पट्टी परत लावताना उलटी लावायची, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. काम संपलं की चेन थोडी सैल करायची. तापलेली चेन गार होताना आखडते.

ठेवायचं म्हणाल, तर आमच्याकडं ओलाव्याइतकाच उंदीर वाईट. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी कटर ठेवला की वायर गेलीच. मी मशीन पुसून, तेलाचा हात फिरवून, पट्टीला कव्हर घालून पत्र्याच्या पेटीत ठेवतो. वायर वेगळी, खुंटीला उंच. तरी दर वेळी उकलताना ती दोन बोटांच्या चिमटीतून सरकवत नेतो, कारण डोळ्यांना न दिसणारं बोटांना लागतं. गेल्या पोळ्याला प्लगकडच्या बाजूला दातांचे ठसे लागले. तिथून पुढचा तुकडा कापून टाकला, नवा प्लग जोडला. वायर सहा मीटरनं आखूड झाली.