आजीचं पीठ, बाबांची एफडी आणि दादाचा ईएमआय

मी जर्मनीत श्टुटगार्टला ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, इमारत स्वतःची आहे, पैशाला काही कमी नाही, पण तळघरात बघाल तर फळ्यांवर नुसत्या बरण्याच बरण्या. काकडीचं लोणचं, प्लमचा जॅम, प्रत्येक बरणीवर पेन्सिलने वर्ष लिहिलेलं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्याही दुकानात नेऊन देतात, एकीचे 25 सेंट परत मिळतात म्हणून. त्यांची नातवंडं याला कंजूषपणा म्हणतात, मला मात्र ते अजिबात पटत नाही.

कारण त्यांनी एकदा सांगितलं होतं, 1948 च्या जूनमध्ये इथलं चलनच बदललं, माणशी 40 नवे मार्क हातात दिले आणि बँकेत जे साठवलेलं होतं त्यातल्या 100 जुन्या मार्कांचे शेवटी साडेसहाच उरले. आईवडिलांची सगळी पुंजी गेली, कामाला आल्या त्या तळघरातल्या बरण्या. मग त्या बाई नोटांपेक्षा बरण्यांवर जास्त विश्वास ठेवणारच ना!

हे ऐकताना मला सारखी ठाण्याची आजी आठवत होती. आजी मूळची साताऱ्याकडच्या माण तालुक्यातली, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे एक प्रकारची ज्वारी, मिळायचा त्याच्या भाकऱ्या थापायची. आज किसननगरच्या घरात सगळं आहे तरी व्हिडिओ कॉलवर तिचा पहिला प्रश्न एकच, "बाय, डब्यात पीठ किती हाय?" पगार किती ते तिने आजवर विचारलेलं नाही.

बाबांचं वेगळं. आजोबा मुंबईच्या कापड गिरणीत होते, 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत, आजोबा त्यातलेच. बाबा तेव्हा आठवीत. आजीच्या पाटल्या मोडल्या तेव्हा सोनाराकडे तिच्यासोबत तेच गेले होते. त्यामुळे बाबांना पीठ संपायची भीती नाही, पगार बंद व्हायची आहे. एफडी, एलआयसी, कर्ज मात्र कधीच नाही.

आणि दादाने घोडबंदर रोडला घर घ्यायला वीस वर्षांचं लोन काढलंय! बाबांना वाटतं पोराला पैशाची किंमत नाही. अहो पण दादा उधळ्या नाहीये, भाडं दरवर्षी वाढताना आणि घरं हाताबाहेर जाताना बघतच तो मोठा झालाय, त्याची भीती तिथे आहे. शेअर बाजार पडला तर हरकत नाही, थांबलो तर घर कधीच होणार नाही, असं त्याचं म्हणणं आणि मला ते खरं वाटतं. पण नोकरी जाऊ शकते हे बाबांचं म्हणणंही तितकंच खरं आहे, इथे माझ्या ओळखीतल्या दोघांची गेल्या वर्षी गेली.

गेल्या रविवारी बाबा आणि दादाची परत वादावादी झाली, बाबांची एफडी मोडून लोन फेडायचं की नाही यावरून. मी म्हटलं एफडीला हात लावू नका, उलट दादानेच सहा महिन्यांच्या ईएमआयएवढी वेगळी एफडी करावी, बाकी म्युच्युअल फंडात दरमहा पैसे टाकायची एसआयपी चालू दे. दादा लगेच हो म्हणाला. बाबांनी आधी व्याजदर विचारला, मग हो म्हणाले.