क्वीनचा खट्याळपणा

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४
ठाणे

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याला जाऊन आज ३३ वर्षे झाली. या दिवसाच्या आसपास आम्ही क्वीनचे चाहते दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरी जमतो आणि यंदा पाळी पाचपाखाडीतल्या मैत्रिणीची होती. जानेवारीत नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर होणाऱ्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमाची तिकिटे कोणाला मिळाली आणि कोणाची हुकली, ही रड पहिल्या चहाबरोबर आटोपून घ्यावी, अशी तंबी तिने आल्या आल्या दिली होती. त्यामुळे मूळ विषयाला लवकर हात घालता आला.

विषयाला तोंड फोडले ते तिच्या दिरांनी. ते नौपाड्यात तबला शिकवतात आणि आमच्या या वेडाकडे आजवर सोशिकपणे पाहत आले आहेत. ते म्हणाले, "वहिनी, ही माणसं गातात वाजवतात छान, मान्य. पण ज्यांना प्रत्येक ठिकाणी थट्टाच सुचते, त्यांना थोर कशाला म्हणायचं?"

हा प्रश्न काही आजचा नाही. १९७०च्या दशकातले ब्रिटिश समीक्षकही जवळपास हेच विचारत असत. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने १९७७ मध्ये फ्रेडीच्या मुलाखतीला जो मथळा दिला, त्याचा आशय 'हा माणूस बावळट आहे काय?' असा होता. त्याच वर्षी लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत क्वीन आणि सेक्स पिस्टल्स हा पंक बँड यांचे ध्वनिमुद्रण एकाच काळात चालू होते. बॅले जनतेपर्यंत न्यायचा, असे फ्रेडी म्हणाला होता, त्यावरून पिस्टल्सच्या सिड व्हिशसने तिथे "काय, बॅले जनतेपर्यंत पोचला का?" असे खोचकपणे विचारले, तेव्हा फ्रेडीने त्याच्या 'व्हिशस' (म्हणजे दुष्ट) या नावाची टर उडवत त्याचे 'सायमन फेरोशस' असे नवे बारसे करून त्याला वाटेला लावले. हा किस्सा आमच्यात दरवर्षी सांगितला जातो आणि सांगणारा दरवर्षी त्यात पदरचे काहीतरी घालतो.

दिरांच्या प्रश्नाला कोणी शब्दांनी उत्तर दिले नाही, हे फार बरे झाले. मैत्रिणीच्या मुलीने १९७५ सालच्या 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' या अल्बममधले 'गुड कंपनी' लावले. (अल्बमचे हे नावही मार्क्स बंधूंच्या विनोदी चित्रपटावरून उचललेले आहे.) जुन्या धाटणीच्या, गमतीशीर चालीच्या या गाण्यात मध्येच एक जॅझ बँड वाजू लागतो. दिरांची बोटे आधी सोफ्याच्या हातावर ठेका धरून होती, ती थांबली आणि त्यांनी विचारले, "हा क्लॅरिनेट कोण वाजवतोय?" क्लॅरिनेट कोणीच वाजवत नाही आणि ट्रम्पेट व ट्रॉम्बोनही कोणी वाजवत नाही, तो सगळा ताफा म्हणजे ब्रायन मेची एकटी गिटार आहे, हे त्यांना काही केल्या पटेना. त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला आणि डोळे मिटून ऐकला. मग मुलीने त्यांना त्या आवाजामागची कथा सांगितली. बास गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनने इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली होती. लंडनमध्ये रस्त्याकडेच्या भंगारात पडलेला एक सर्किट बोर्ड त्याने उचलला, जुन्या लहानशा स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि बॅटरीवर चालणारा एक ॲम्प्लिफायर तयार केला. त्या खोक्यातून ब्रायनने एकेका वाद्याच्या ओळी वेगवेगळ्या वाजवून, एकावर एक मुद्रित करून तो बँड उभा केला. ब्रायनची गिटारही घरचीच होती. वडिलांच्या मदतीने त्याने ती शाळकरी वयात जुन्या फायरप्लेसच्या लाकडापासून बनवली आणि आजही तो तीच वाजवतो, नखीऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरून.

"एवढी मेहनत एका गमतीसाठी?" दिरांनी विचारले आणि माझ्या मते त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर याच वाक्यात आले. क्वीनची थट्टा ही दमलेल्या माणसाने वेळ मारून नेण्यासाठी केलेली थट्टा कधीच नव्हती. गंभीर गाण्यावर इतर लोक जेवढे कष्ट घेतात, त्याहून अधिक कष्ट हे चौघे चेष्टेवर घेत. त्याच अल्बममधल्या 'बोहेमियन रॅप्सडी' या गाण्यातला ऑपेराचा भाग फ्रेडी, ब्रायन आणि ड्रमवादक रॉजर टेलर या तिघांनीच, आवाजांचे असंख्य थर एकावर एक चढवून गायला आहे, आणि फ्रेडी रोज आणखी काही 'गॅलिलिओ' घेऊन येत असे, अशी आठवण निर्माते रॉय थॉमस बेकर सांगत. 'बिस्मिल्ला' हा शब्द असलेला हा भाग चालू असताना मैत्रिणीच्या सासूबाई आतून आल्या, क्षणभर थबकल्या आणि म्हणाल्या, "यात बिस्मिल्ला खाँसाहेबांचं नाव कशाला घेतात?" त्यावर जो हशा झाला, तो फ्रेडीला नक्की आवडला असता.

चहाची दुसरी फेरी झाली आणि गप्पा चौघांच्या स्वभावांकडे वळल्या. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथे 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा फारुख बुलसारा, म्हणजे फ्रेडी, 'आपला' कसा, यावर नेहमीचे अभिमानाचे भाषण झाले. मला त्याचा थोडा कंटाळाच येतो. त्यापेक्षा कलाशाळेत शिकलेल्या या मुलाने बँडचे मानचिन्ह चौघांच्या राशींवरून कसे काढले, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. जॉन आणि रॉजर सिंह राशीचे म्हणून दोन सिंह, ब्रायनसाठी कर्केचा खेकडा आणि स्वतःच्या कन्या राशीसाठी त्याने काढल्या दोन पऱ्या! इंग्लंडच्या राजचिन्हाची ऐट मिरवायची आणि त्याच चित्रात स्वतःची टोपीही उडवायची, हा सगळा फ्रेडी त्या एका रेखाटनात दिसतो.

चौघांमध्ये भांडणे मात्र कमी नव्हती. रॉजरचे 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार' ऐकून ब्रायनला आधी वाटले की हा गंमत करतोय. ते 'बोहेमियन रॅप्सडी'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला गेले, त्यामुळे विक्रीतून रॉजरला फ्रेडीइतकेच मानधन मिळाले, आणि हा सल पुढे बरीच वर्षे धुमसत राहिला. अखेरीस १९८९च्या 'द मिरॅकल' या अल्बमपासून प्रत्येक गाणे चौघांच्या नावे लागू लागले. बँडवरच्या २०१८च्या 'बोहेमियन रॅप्सडी' या चित्रपटात मोटारीच्या गाण्याची टर आहे, पण फ्रेडीने स्वतंत्र अल्बमचा करार केल्यामुळे १९८५च्या जुलैतल्या लाइव्ह एड या मदतनिधी कार्यक्रमाच्या आधी बँड फुटला होता असे जे दाखवले आहे, त्यावर आमच्यातल्या जुन्या मंडळींचा अजून राग आहे, आणि तो रास्त आहे. १९८५च्या मेपर्यंत हे चौघे एकत्र दौरा करत होते, आणि स्वतंत्र अल्बम काढण्यात रॉजर १९८१ मध्येच फ्रेडीच्या पुढे गेला होता.

'आय वाँट टू ब्रेक फ्री'च्या १९८४च्या व्हिडिओवर मात्र दिरांनी आम्हाला मागे टाकले. एका ब्रिटिश कौटुंबिक मालिकेचे विडंबन म्हणून चौघांनी बायकांचे वेश केले, ते अमेरिकेत अनेकांना रुचले नाही, असे मी सांगताच ते म्हणाले, "आपल्याकडे बालगंधर्वांचे शालू पाहून बायका तसे शालू घ्यायच्या, आणि हे लोक यावर बिथरले?" मग व्हिडिओ पाहताना त्यांनीच एक फरकही दाखवला. गंधर्वांनी स्त्री उभी करण्यासाठी पुरुषाच्या साऱ्या खुणा पुसल्या होत्या, उलट फ्रेडी झुपकेदार मिशीसकट व्हॅक्यूम क्लीनर फिरवतो आणि विनोद त्या मिशीतच आहे. त्याच व्हिडिओच्या मधल्या भागात रॉयल बॅलेच्या नर्तकांबरोबर नाचण्यासाठी त्याने ती मिशी उतरवली होती, हे मी सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे कुठे थट्टा करायची आणि कुठे नाही, ते त्याला कळत होतं."

यापुढे मला बोलावेसे वाटले ते 'आय ॲम गोइंग स्लाइटली मॅड'बद्दल. १९९१च्या फेब्रुवारीत त्या गाण्याचा कृष्णधवल व्हिडिओ झाला, तेव्हा फ्रेडी फार आजारी होता, आणि चेहऱ्यावरचा पांढरा रंग केवळ वेषासाठी नव्हता. ब्रायन पेंग्विन झाला आहे, रॉजरच्या डोक्यावर वाफाळणारी किटली आहे, जॉनने विदूषकाची टोपी घातली आहे आणि फ्रेडीच्या डोक्यावर केळ्यांचा घड आहे. आपल्याला एड्स असल्याचे त्याने मृत्यूच्या आदल्या दिवशी जाहीर केले. तोवर हे तिघे गुपित सांभाळत, त्याच्याबरोबर असले पोरकट खेळ खेळत राहिले. मित्राच्या दुखण्यासमोर तोंड पाडून बसणे सोपे असते. त्याला हवा तसा वेडेपणा, डोक्यावर किटली ठेवून, शेवटपर्यंत करत राहणे सोपे नसावे.

मैत्रिणीच्या मुलीचे मत माझ्याहून वेगळे पडले. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही आजारपण माहीत असल्यामुळे त्यात करुणा शोधता. मला तो फक्त हसवतो, आणि त्याला तेच हवं असणार." मला हे पूर्णपणे पटले नाही, पण खोडताही आले नाही.

जॉन डीकन १९९७ नंतर बँडमधून निवृत्त झाला. त्याने पुन्हा रंगमंचावर यावे की न यावे, आणि ॲडम लॅम्बर्ट या गायकाबरोबरच्या कार्यक्रमांना क्वीन म्हणावे का, यावर नेहमीप्रमाणे दोन तट पडले. लॅम्बर्ट फ्रेडीची नक्कल करत नाही आणि स्वतःवर विनोद करतो, म्हणून मी त्याच्या बाजूची. दिरांनी मात्र निघताना एकच फर्माईश केली, पुढच्या बैठकीलाही आपल्याला बोलवावे. तेव्हा १९७८चा 'जॅझ' हा क्वीनचा अल्बम ऐकायचे ठरले आहे. पहिलेच गाणे 'मुस्तफा' असल्यामुळे सासूबाई घरी असताना ते लावायचे की वगळायचे, हा वाद जिन्यातही चालू होता, आणि माझे मत लावावे असेच आहे.