डाव्या ब्रेक लाइटचा अर्थ लागला

शनिवार, संध्याकाळ

गाडी लावत होतो, तेवढ्यात शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले, "अरे, तुझा डावा ब्रेक लाइट नुसता मिणमिणतोय. मागून ठोकेल कोणीतरी."

गाडी तेरा वर्षांची आणि रत्नागिरीची खारी हवा, त्यामुळे फार नवल वाटलं नाही. बल्ब गेला असणार म्हणून काढून उजेडात धरला. दोन्ही फिलामेंट शाबूत, काचही काळी पडलेली नाही. तरी घरात होता तो नवा बल्ब बसवला. तोही तसाच मिणमिणला.

या बल्बात दोन फिलामेंट असतात, २१ वॉटचं ब्रेकसाठी आणि ५ वॉटचं टेलसाठी, म्हणजे पार्किंग लाइटबरोबर मागे लागणाऱ्या मंद दिव्यासाठी. बुडाच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे उलटा बसू नये. पण एका फिलामेंटचा बल्ब जोर लावून त्यात पिळून बसवणारे महाभाग आहेत. मग बल्बाचं एकच टोक होल्डरच्या दोन्ही पॉइंटांना टेकतं आणि ब्रेकचा करंट टेलच्या वायरीत शिरतो. माझ्याकडे तसं काही नव्हतं. पिना जागच्या जागी होत्या.

काळोख पडल्यावर गाडी रिव्हर्स घेऊन कंपाउंडच्या भिंतीला लावली. भिंतीवर पडलेला लाल उजेड आरशात दिसतो, दुसरं माणूस लागत नाही. सगळे दिवे बंद ठेवून ब्रेक दाबला, तर समोर डॅशबोर्डवरच्या मीटरचा दिवा अगदी पुसट उजळला. पाय काढला, विझला. पुन्हा दाबला, पुन्हा उजळला. मग पार्किंग लाइट लावून दाबला. उजवीकडे उजेड वाढला, डावीकडे उलट कमी झाला.

इथे माझं जेवण लांबलं, पण मजा आली. फ्यूज आणि पेडलवरचा ब्रेक स्विच दोघंही सुटले, कारण उजवा आणि काचेतला तिसरा दिवा लख्ख लागत होते. राहिला डाव्या बाजूचा अर्थ (अर्थिंग), म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट. करंटला बॉडीत जायची वाट अडली, की तो त्याच बल्बातल्या ५ वॉटच्या फिलामेंटमधून उलटा टेलच्या वायरीत जातो, आणि तिथून नंबर प्लेटचा दिवा, मीटरचा दिवा असा भटकत बॉडी गाठतो.

रविवार, सकाळ

मल्टिमीटर बीपवर (वायर जोडलेली असली की वाजतो तो मोड) ठेवून होल्डरची काळी वायर ते बॉडी तपासली. बीप! खणखणीत! म्हणजे अर्थ चांगला? तासभर मी या बीपवर विश्वास ठेवून होल्डरच खरवडत बसलो.

चूक माझी. माझ्या मीटरचं बीप तीसेक ओहमपर्यंत वाजत राहतं, आणि मीटर सोडतो तो करंट अगदी किरकोळ. २१ वॉटचं फिलामेंट पावणेदोन अँपिअर ओढतं. तेवढ्या करंटला पाच-सात ओहमसुद्धा भिंत असते. अर्थ तपासायचा तो दिवा लावून, व्होल्टवर.

त्यासाठी ब्रेक दाबून धरणारं कोणीतरी हवं. आईला बसवलं. मी डिकीत डोकं घालून ओरडतोय, "दाब!" आणि मीटर ढिम्म.

"आई, मधला दाब, मधला!"

"अरे, तीन-तीन आहेत इथे, कुठला ते नीट सांग ना!"

शेवटी खराट्याचा दांडा सीट आणि पेडल यांच्यामध्ये अडकवला आणि आईला सुट्टी दिली. लाल प्रोब होल्डरच्या अर्थ पॉइंटवर, काळी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर. तिथे जेमतेम शून्य दिसायला हवा. दिसले ७.४ व्होल्ट. बल्बाच्या वाट्याला पाचसुद्धा उरत नव्हते, मग मिणमिणेल नाही तर काय!

काळी वायर डिकीच्या डाव्या पॅनेलआड जाते. क्लिपा काढताना एक तुटलीच. आत दहा नंबरचा बोल्ट, त्याखाली थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं. बोल्ट घट्ट होता, म्हणून आधी वाटलं की इथे काही नसणार. काढला तर थिंबलखाली गाडीचाच रंग, गुळगुळीत, चकचकीत. दोन वर्षांपूर्वी या कोपऱ्याचं डेंटिंग-पेंटिंग झालं होतं. रंगवणाऱ्याने पत्रा रंगवला आणि थिंबल त्या रंगावरच आवळून टाकलं. इतके दिवस करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जात होता. दोन पावसाळ्यांत त्या आट्या गंजल्या आणि तांब्याच्या तारांवर हिरवट पूड चढली.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. बॅटरीची निगेटिव्ह सोडली, काळी पडलेली वायर दीड इंच कापली, आत लाल तांबं लागल्यावर नवं थिंबल दाबून बसवलं. पत्र्यावर रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासून चकाकवली. नवा बोल्ट, दातेरी वॉशर, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी नाही, धातूला धातू टेकल्यावर. पुन्हा दांडा अडकवून मोजलं: ०.०४ व्होल्ट. डॅशबोर्डवरच्या मीटरचा दिवा आता ब्रेकला दाद देत नाही. काकांनी गॅलरीतूनच अंगठा दाखवला.

खर्च थिंबल, बोल्ट आणि पॅनेलची एक क्लिप. बल्ब जुनाच परत बसवला, नवा पुन्हा डब्यात.

दांडा अडकवलेलाच होता म्हणून जाता जाता उजवी बाजूही मोजली. ०.३१ आले. दिवा लख्ख आहे, नुसता बघून कोणाला शंका येणार नाही. पण तिकडेही तसंच थिंबल आणि तेवढेच पावसाळे. पुढच्या रविवारी ते पॅनेल उघडतो. क्लिपा या वेळी आधीच चार आणून ठेवल्यात.