धमकीही फिर्यादीत लिहून घ्या, शब्दासकट

विनयभंगाच्या फिर्यादीत धमकीचा भाग बहुधा एका ओळीत उरकलेला असतो: ‘आरोपीने मला धमकावले.’ या ओळीवर खटला उभा राहत नाही. पीडितेला गप्प बसवणे हा वेगळा गुन्हा आहे आणि तो नेमक्या शब्दांवर ठरतो.

भारतीय न्याय संहितेचे कलम 351 (1 जुलै 2024 पासूनच्या घटनांसाठी) सांगते की एखाद्याला त्याच्या हक्काची गोष्ट करू न देण्यासाठी जीव, मालमत्ता किंवा अब्रूची भीती घालणे म्हणजे गुन्हेगारी धाकदपटशा. तक्रार करणे हा हक्कच आहे. शिक्षा 2 वर्षांपर्यंत. ठार मारण्याची, गंभीर दुखापतीची किंवा बाईच्या चारित्र्यावर डाग लावण्याची धमकी असेल तर 7 वर्षांपर्यंत. म्हणून आरोपी काय बोलला ते शिवीसकट त्याच्याच शब्दांत लिहायला लावा. तारीख, जागा, कोण हजर होते, हेही. तक्रारीला उशीर या भीतीमुळे झाला असेल, तर तेही तिथेच यायला हवे. नंतर उलटतपासणीत सांगितले तर रचलेले वाटते.

खरी अडचण ठाण्यात येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या केंद्रीय कायद्याच्या) परिशिष्टात 351 अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. त्यामुळे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून बोळवण होते. पण विनयभंग (न्याय संहितेचे कलम 74) आणि पाठलाग (78) दखलपात्र आहेत, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 नुसार प्रकरणातला एक गुन्हा दखलपात्र असला की सगळे प्रकरण दखलपात्र. दोन्ही गोष्टी एकाच फिर्यादीत द्या. धमकीसाठी वेगळा अर्ज करायला सांगितले तर ऐकू नका.

गुन्हा दाखल झाल्यावर ‘साक्ष फिरव’ म्हणून धमकावले, तर न्याय संहितेचे कलम 232 लागते: 7 वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र. लगेच पुरवणी जबाब द्या आणि सरकारी वकिलांमार्फत जामीन रद्द करण्याचा अर्ज करा. साक्षीदार संरक्षण योजना, 2018 खाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे संरक्षणही मागता येते.

मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ फोन आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र लागते.

फिर्याद घ्यायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी पोस्टाने कळवा, तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. कलम 74 ची फिर्याद न नोंदवणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम 199 खाली 6 महिने ते 2 वर्षे सक्तमजुरी होऊ शकते.