पिवळी रेघ

जूनपासून मी एक वही ठेवतेय. ऑफिसातली जुनी, उभ्या रकान्यांची. रविवारी वडाळ्याच्या बास्केटबॉल कोर्टवरून घरी आले की आंघोळीआधी लिहायचं: लांबून किती मारले, किती गेले. ऑगस्टच्या शेवटी बेरीज केली, तर मॅचमध्ये २३ पैकी ४. उंची पाच फूट दोन, खेळते गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब राहून बॉल खेळवणारी. लांबून जात नसेल तर ही कोर्टवर करते काय, हा प्रश्न मी सोडून बाकी सगळ्यांना बहुतेक आधीच पडला होता.

बरं, एकटी असले की बॉल जातो. सकाळी साडेसहाला, कुणी यायच्या आत ५० मारले तर १९-२० जातात. छत्तिसाव्या वर्षी, मधे आठ वर्षं खंड पडलेल्या बाईला एवढं पुष्कळ झालं. तरी मी कोपर तपासलं, मनगट तपासलं, रात्री दीड वाजेपर्यंत शूटिंगचे व्हिडिओ बघितले. शेवटी नवरा म्हणाला, आता तो फोन ठेव नाहीतर मी हॉलमध्ये झोपतो.

मग बॉलवर संशय घेतला. रविवारी मुलं सात नंबरचा आणतात. बायकांचा सहा नंबरचा, घेर इंचभर कमी आणि वजनालाही हलका. पण सकाळी एकटीने मारते तोही सात नंबरचाच. तो तेव्हा जातो, मग साडेसातनंतर त्याला काय होतं?

उत्तर दिलं ते माझ्यावर डिफेन्स करणाऱ्या अकरावीतल्या मुलीने. पाणी पिताना म्हणाली, "ताई, राग नको मानूस. पण मी तुझ्यापासून दोन हात लांब उभी राहते ना, ते मुद्दाम."

"का गं?"

"तू मारतच नाहीस. बॉल घेतेस, बघतेस, एक ड्रिबल मारतेस, मग ठरवतेस. तोवर मी येते. आणि आत घुसलीस तर आत तिघं असतातच."

राग आलाच. घरी येऊन वहीत तिसरा रकाना आखला: मोकळी असून न मारलेले. पुढच्या रविवारी नवऱ्याला चहाचा थर्मास देऊन पायरीवर बसवलं, रेघा ओढायला. त्याला बास्केटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही, पण मोकळी बाई ओळखता येते. ९ रेघा. त्या नऊ वेळा पुढे काय झालं? तीन पास समोरच्यांच्या हातात, दोन लेअप (रिंगजवळ जाऊन मारलेले) ब्लॉक, एकदा ट्रॅव्हल (ड्रिबल न करता जास्त पावलं), आणि तीनदा बॉल फिरून फिरून परत माझ्याचकडे, शॉट मारायचे २४ सेकंद संपत आलेले असताना. असेच कसेबसे फेकलेले शॉट माझ्या त्या २३ मध्ये. म्हणजे चांगले शॉट मी मारत नव्हते आणि जे मारत होते ते मारायच्या लायकीचे नव्हते.

नवऱ्याने फोनवर थोडं शूटिंगही केलं होतं. ते बघताना पाय दिसले. बॉल हातात येतो तेव्हा मी थ्रीच्या पांढऱ्या रेघेबाहेर, जिथून गेला तर दोनऐवजी तीन पॉइंट, व्यवस्थित. मग ते एक ड्रिबल पुढे, आणि पाय थांबतात कुठे, तर दर वेळी त्याच जागी. पांढऱ्या रेघेच्या आत अर्धा मीटर. तिथे सिमेंटवर पुसट पिवळा पट्टा आहे, ठिकठिकाणी उडालेला.

ती जुनी थ्रीची रेघ. मी शिकले तेव्हा ती ६.२५ मीटरवर होती. २०१० मध्ये फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, ती ६.७५ वर नेली. आमच्याकडे नवी रंगवायला त्यानंतरही बराच वेळ गेला आणि तोवर माझं लग्न, बदली, बाळ असं सगळं सुरू झालं होतं. शाळेत आमचे सर म्हणायचे, रेघ बघायची नाही, ती पायाला कळली पाहिजे. पायाला कळलीच आहे, सर. २०१० च्या आधीची.

अकाउंट्समध्ये बारा वर्षं काढलेल्या बाईला हे आधी दिसू नये याची मला खरी लाज वाटली. थ्री तिनात एक गेला तरी शॉटमागे एक पॉइंट पडतो. अर्धा मीटर आत येऊन तोच शॉट मारला तर तिनात दोन पॉइंट, म्हणजे शॉटमागे पाऊणही नाही. आणि त्या अर्ध्या मीटरसाठी मी त्या पोरीला यायला वेळ देत होते.

अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या जेसन किड या गार्डचं नाव मला अशा वेळी आठवतं. सुरुवातीला त्याच्या नावातला ‘जे’ काढून लोक त्याला ‘एसन’ म्हणायचे, कारण जे म्हणजे जंप शॉट, आणि तोच याच्याकडे नाही. २०१३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा १,९८८ थ्री नावावर होते, एनबीएच्या त्या वेळच्या यादीत तिसरा. अर्थात त्याला सोमवारी जीएसटीचं रिटर्न भरायचं नव्हतं.

परवाच्या रविवारी ठरवून गेले: ड्रिबल नाही. हातात आला, मोकळी असले तर तिथूनच. कॉर्नर सगळ्यात जवळ पडतो, ६.६०, पण आमच्या कॉर्नरला पावसाळ्यात शेवाळ धरतं, तिथे गणपतीपर्यंत कोणी उभं राहत नाही. त्यामुळे डावीकडून, पंचेचाळीस अंशांतून. पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागला. दुसरा पण. आमच्यातला एक जण "अरे ताई!" म्हणाला, त्यातला सूर मला कळला. तिसरा गेला, बोर्डला लागून, तसं मी ठरवलेलं नसताना.

चौथ्या वेळी ती पोरगी एक पाऊल पुढे आली. मी बॉल नुसता वर उचलला, ती उडाली, मी बाजूने निघाले. आतली दोघं माझ्यावर आली आणि रिंगखालच्या आमच्या उंच मुलाला नुसता हातात द्यायचा होता. दिला. त्याने सोडला, ते वेगळं.

निघताना मी तिला तो पिवळा पट्टा दाखवला, काय आहे ते सांगितलं. तिने बुटाने थोडं खरवडून बघितलं.

"मला वाटायचं ही हँडबॉलची आहे," म्हणाली.